पोटातली आणि कातडीखालची चरबी वेगळी मोजायची: सीटीवर की एमआरआयवर?

सीटी_टेक_सोलापूर:
सेंटरला १६ स्लाइस सीटी आणि १.५ टेस्ला एमआरआय आहे. मधुमेहाचे डॉक्टर पोटातली व कातडीखालची चरबी वेगवेगळी मागतात, शिवाय लिव्हरमधली टक्केवारी. चरबी मोजायचं वेगळं सॉफ्टवेअर नाही. कुठल्या लेव्हलला आणि कसं मोजायचं? ब्राऊन फॅट (शरीरात उष्णता निर्माण करणारी तपकिरी चरबी) ही कळेल का?

पोट_रेडिओ:
फक्त चरबीसाठी नवा सीटी करू नका, तेवढ्यासाठी रेडिएशन देणं योग्य नाही. आपल्याकडे मुतखड्यासाठी साधे केयूबी (मूत्रपिंड ते मूत्राशय) सीटी होतच असतात, त्यातलीच एक स्लाइस पुरते. ५ मिमीची घ्या. पातळ स्लाइसमध्ये नॉइज जास्त. लेव्हल एल३ किंवा एल४-एल५ (कमरेचे मणके), पण सगळ्या पेशंटना एकच. थ्रीडी स्लायसर हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात थ्रेशोल्ड −१९० ते −३० एचयू (सीटीवरची घनतेची एककं) लावा, मग पोटाच्या स्नायूंच्या आतल्या कडेने रेघ मारा. रेघेच्या आतली ती व्हिसरल, स्नायू आणि कातडीमधली ती सबक्युटेनियस.

चुका बहुतेक आतड्यात होतात. मळ आणि गॅस मिसळतात तिथल्या पिक्सेलची सरासरी नेमकी चरबीच्या आकड्यांत बसते, आणि व्हिसरल फुगते. ते हाताने पुसाच. जाड पेशंटच्या कुशी एफओव्हीबाहेर (चित्रात येणाऱ्या भागाबाहेर) राहिल्या तर सबक्युटेनियस कमी येते. रॉ डेटा पुसायच्या आत मोठ्या एफओव्हीने रिकन करून (चित्र पुन्हा तयार करून) घ्या. कॉन्ट्रास्टने चरबीचे एचयू थोडे वर सरकतात, म्हणून साध्या आणि कॉन्ट्रास्ट स्कॅनची तुलना नको.

१०० चौ.सेंमी ही व्हिसरलची मर्यादा जपानची आहे. रिपोर्टमध्ये क्षेत्रफळ लिहा, 'नॉर्मल' लिहू नका.

एमआर_फिजिक्स:
लिव्हरसाठी एमआरआयच. सीटीवर सौम्य फॅटी लिव्हर निसटतं. १.५ टेस्लावर आउट-फेज (चरबी आणि पाण्याचे सिग्नल एकमेकांविरुद्ध) साधारण २.३ आणि इन-फेज (दोन्ही जुळलेले) ४.६ मिलिसेकंदांना येतो. इन-फेजमधून आउट-फेज वजा करा, इन-फेजच्या दुपटीने भागा, की ढोबळ टक्केवारी मिळते. पण लिव्हरमध्ये लोह असेल तर उशिरा येणारा इन-फेज जास्त काळवंडतो आणि चरबी कमी दिसते. फ्लिप अँगल (सिग्नलसाठी दिलेल्या पल्सचा कोन) मोठा ठेवलात तर उलट: चरबीचा टी१ (सिग्नल पूर्ववत होण्याचा वेळ) कमी, म्हणून ती जास्त दिसते. यासाठी मल्टी-एको पीडीएफएफ (चरबीचं प्रमाण टक्क्यांत देणारी पद्धत) हवं: सहा एको, टी२-स्टार करेक्शन (लोहामुळे होणारी सिग्नलची घट भरून काढणं), ५ अंशांच्या आसपास फ्लिप. लायसन्स आहे का ते कंपनीच्या इंजिनिअरला विचारा. ५ टक्क्यांपुढे फॅटी लिव्हर धरतात. आरओआय (मोजायचा भाग) रक्तवाहिन्या टाळून, दोन्ही लोबमध्ये.

सीटी_टेक_सोलापूर:
सोनोग्राफीवर जाडी मोजून भागेल का?

पोट_रेडिओ:
प्रोब जरा दाबला की कातडीखालची जाडी बदलते. एकाच माणसाच्या हाताने, जेल भरपूर लावून, श्वास सोडल्यावर मोजली तर फॉलोअपपुरती चालेल.

पेट_सीटी_वाचक:
ब्राऊन फॅट किती सक्रिय आहे ते तुमच्या दोन्ही मशीनवर कळणार नाही. डिक्सनवर (चरबी आणि पाणी वेगळं दाखवणाऱ्या एमआरआयवर) त्यात पाणी जास्त दिसतं, पण मोठ्या माणसांत पांढऱ्या चरबीत ते मिसळलेलं असतं. त्यासाठी एफडीजी पेट-सीटी (किरणोत्सारी साखरेचं इंजेक्शन देऊन केलेला स्कॅन) लागतो, तोही पेशंटला थंडी लागली तरच. सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशीपार, तेव्हा उघड्यावरून आलेल्या पेशंटमध्ये काही दिसलं नाही म्हणून ब्राऊन फॅट नाही असं म्हणू नका.

कॅन्सरच्या पेटमध्ये मात्र तेच गोंधळ घालतं. इंजेक्शननंतरची खोली एसीने गार झाली की गळ्याजवळ, हंसळीच्या वर दोन्ही बाजूंना अपटेक (साखर शोषल्याची चमक) येतो आणि गाठी वाटतात. त्याच जागी सीटीवर −१९० ते −१० एचयू असेल तर ती चरबी. ३०-४० असेल तर गाठ समजून पुढे तपासा. इंजेक्शनच्या आधीपासूनच पेशंटला चादरीत गुंडाळून उबदार ठेवा.