मिलिमीटरहूनही लहान भुंगेऱ्याला प्रसिद्ध व्यक्तीचे नाव का द्यावे?

पानगळ:
लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमशी संबंधित अभ्यासक मायकेल डार्बी यांनी २०१९ साली अवघ्या ०.७९ मिलिमीटर लांबीच्या एका भुंगेऱ्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याला 'नेलॉप्टोडेस ग्रेटी' असे शास्त्रीय नाव दिले. फिकट पिवळसर-सोनेरी रंगाच्या या कीटकाला डोळे नाहीत आणि पंखही नाहीत. डोळे असते तर ज्या जागी असते, त्या दोन जागांच्या मधोमध एक बारीक खळगा मात्र आहे. हवामानबदलाकडे जगाचे लक्ष वेधणाऱ्या स्वीडनच्या ग्रेटा थुनबर्ग यांच्या सन्मानार्थ हे नाव दिले गेले, आणि भुंगेऱ्याच्या लांब शृंगिका, म्हणजे डोक्यावरच्या मिशा, ग्रेटा यांच्या वेण्यांसारख्या दिसतात, असेही त्या वेळी आवर्जून सांगितले गेले.

ग्रेटा यांच्या कार्याविषयी मला आदरच आहे. माझा आक्षेप वेगळा आहे. हे नमुने विल्यम ब्लॉक यांनी १९६० च्या दशकात केनियातल्या मातीतून गोळा केले, १९७८ मध्ये ते संग्रहालयाकडे आले आणि त्यांना नाव मिळेपर्यंत अर्धशतक उलटून गेले. एवढ्या प्रतीक्षेनंतर मिळालेल्या नावात ना केनिया आहे, ना ती माती, ना ती माती चाळणारा माणूस. शास्त्रीय नाव नियमाप्रमाणे एकदा प्रसिद्ध झाले की नंतर कोणाच्या इच्छेखातर ते बदलत नाही. मग इतके टिकाऊ नाव त्या प्राण्याविषयी काहीच सांगत नसेल, तर आपण एक मोठी संधी गमावली असे मला वाटते.

भिंगवाला:
पानगळ यांची तळमळ मला समजते, पण त्यांचा निष्कर्ष मला मान्य नाही. नाव म्हणजे वर्णन नव्हे. हा भुंगेरा टिलिडी कुळातला आहे आणि या कुळातील बहुतेक भुंगेरे एक मिलिमीटरच्या आतच असतात. पालापाचोळा नरसाळ्यात घालून वर दिवा लावायचा, उष्णता आणि कोरडेपणा टाळत खाली सरकणारे जीव अल्कोहोलमध्ये पडू द्यायचे, त्यातून धुळीच्या कणाएवढा भुंगेरा उचलायचा, त्याची काचपट्टी तयार करायची आणि मादीच्या पोटातील शुक्रकोशाचा (नराचे शुक्राणू साठवणाऱ्या पिशवीचा) आकार सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा, कारण या कुळात एकमेकींसारख्या दिसणाऱ्या प्रजाती बहुधा त्यावरूनच वेगळ्या काढता येतात. हे सगळे प्रजातीचे पहिले वर्णन करणाऱ्या मूळ लेखात येते, आणि प्राण्याविषयी सांगण्याचे काम त्या लेखाचे आहे.

शिवाय स्थळाचे नाव दिले की प्रश्न सुटतो, असेही नाही. ज्ञात स्वतंत्रजीवी कीटकांमध्ये सर्वांत लहान मानला जाणारा 'सायडोसेला मुसावासेन्सिस' याच कुळातला आहे. निकाराग्वातील मुसावास या ठिकाणावरून १९९९ मध्ये त्याचे नामकरण झाले. पुढे २०१५ मध्ये ०.३२५ मिलिमीटरचा जो विक्रमी नमुना मोजला गेला, तो मात्र कोलंबियातला होता. आता हे नाव वाचणाऱ्याने तो भुंगेरा केवळ मुसावासला राहतो असे समजावे काय?

रानवाट:
मला पानगळ यांचे म्हणणे पटते, पण वेगळ्या कारणाने. स्लोव्हेनियातील गुहांमध्ये राहणाऱ्या एका आंधळ्या भुंगेऱ्याला १९३० च्या दशकात 'ॲनॉफ्थॅल्मस हिटलेरी' असे नाव दिले गेले आणि ते आजही तसेच आहे. निव्वळ या नावापायी संग्राहक त्याचे नमुने मिळवण्यासाठी धडपडतात आणि त्याचा उपद्रव त्या निरपराध कीटकाला होतो. जिवंत माणसाचे नाव देताना पुढची शंभर वर्षे कोणालाच दिसत नसतात.

भिंगवाला:
हे उदाहरण गंभीर आहे आणि मी ते टाळणार नाही. तरीही एका हुकूमशहाच्या नावामुळे सगळीच व्यक्तिनामे बाद करणे मला अन्यायाचे वाटते. मातीतल्या आंधळ्या भुंगेऱ्याची बातमी जगभरच्या वर्तमानपत्रांनी एरवी कधी छापली असती? ती छापली गेली ती नावामुळेच, आणि संग्रहालयांच्या खणांत असे अनाम जीव वर्षानुवर्षे पडून असतात, हेही अनेक वाचकांना त्या दिवशी पहिल्यांदाच कळले.

पानगळ:
मुसावासचे उदाहरण मला ठाऊक नव्हते. स्थळनाम अचूकच असते हा माझा आग्रह मी मागे घेतो. बातमीविषयी मात्र मी ठाम आहे, कारण मी तेव्हा वाचलेल्या बातम्यांमध्ये वेण्यांवर पूर्ण परिच्छेद होता आणि केनियाचा उल्लेख एका ओळीत उरकला होता. या कुळातील मादी एका वेळी एकच अंडे तयार करते आणि ते तिच्या शरीराच्या जवळजवळ निम्म्या लांबीचे असू शकते, ही केवढी विलक्षण गोष्ट आहे! ती मला या चर्चेची तयारी करताना कळली, त्या बातम्यांतून नाही. नाव कोणाचेही असो. वर्णन करणाऱ्याने प्रसिद्धीसाठी दिलेल्या पहिल्या चार ओळींत त्या जीवाचे शरीर, त्याची माती आणि ती गोळा करणाऱ्याचे नाव घालावे, एवढी माझी मागणी कायम आहे.

भिंगवाला:
या मागणीला माझी पूर्ण सहमती आहे, पण तेवढ्यासाठी नाव बदलायला हवे होते हे मला अजूनही पटलेले नाही.