"खास तुमच्यासाठी" सप्लिमेंटची पुडी, आणि टीएसएच एकदम ०.०६

कोलशेतकर (धागा)

आई, वय ५८, ठाणे. चालू औषधं: थायरॉइड कमी आहे म्हणून थायरॉक्सिन ७५ मायक्रोग्रॅम सकाळी ६ ला, साखरेसाठी मेटफॉर्मिन ५०० दोन वेळा, बीपीसाठी टेल्मिसार्टन ४० एकदा.

तीन महिन्यांपासून एका वेलनेस अ‍ॅपची रोज एक पुडी चालू आहे. २२ प्रश्नांची उत्तरं भरली की "तुमच्या शरीरासाठीच" म्हणून पुडी ठरते. रक्ताचा एकही रिपोर्ट मागितलेला नाही. पुडीत बायोटिन (केसांसाठी म्हणून देतात ते जीवनसत्त्व) १० मिग्रॅ, व्हिटॅमिन डी २००० आययू, कॅल्शियम ५०० मिग्रॅ, मॅग्नेशियम २०० मिग्रॅ, अश्वगंधा अर्क ६०० मिग्रॅ आणि मिथाइलकोबालमिन (बी१२) १५०० मायक्रोग्रॅम. शिवाय डॉक्टरांनी मागे दिलेली डीची ६०,००० ची कॅप्सूल आठवड्याला एक, ती अजून थांबलेली नाही.

चार महिन्यांपूर्वी टीएसएच (थायरॉइडला काम करायला सांगणारा हार्मोन, थायरॉइड जास्त झाला की हा उतरतो) २.६ म्हणजे नॉर्मल होता. आता ०.०६, आणि फ्री टी४, म्हणजे रक्तातला थायरॉइडचा हार्मोन, २.९ (रेंज ०.८ ते १.८). धडधड नाही, हात थरथरत नाहीत, वजन तेवढंच, नाडी ७४. अ‍ॅपच्या कोचचं म्हणणं, "थायरॉइड बरा होतोय, गोळी निम्मी करा." डॉक्टरांची वेळ पुढच्या गुरुवारची आहे. तोवर काय करावं, आणि काय करू नये?

नौपाडा लॅब

गोळी निम्मी करू नका. पहिला संशय रिपोर्टवर घ्या, थायरॉइडवर नंतर.

बऱ्याच यंत्रांवर टीएसएचची तपासणी बायोटिन आणि त्याला घट्ट धरणारं प्रथिन स्ट्रेप्टॅविडिन यांच्या जोडीवर चालते. टीएसएचला पकडणाऱ्या अँटीबॉडीला बायोटिन जोडलेलं असतं, आणि ते स्ट्रेप्टॅविडिन लावलेल्या मण्यांना चिकटतं. रक्तात गोळीचं बायोटिन भरपूर फिरत असेल तर ते मण्यांवर आधीच जागा धरून बसतं, कल्याणहून भरून आलेल्या लोकलसारखं. ठाण्याला चढणाऱ्याला बाक कुठून मिळणार? खरं टीएसएच मण्यांना चिकटू न शकल्याने धुण्यात वाहून जातं आणि आकडा खोटा कमी येतो. फ्री टी४ ची पद्धत उलटी असते. तिथे सिग्नल जितका कमी तितका आकडा मोठा, म्हणून तो खोटा जास्त येतो. दोन्ही मिळून कागदावर हायपरथायरॉइडचं (थायरॉइड जास्त झाल्याचं) हुबेहूब चित्र उभं राहतं आणि माणूस मात्र ठणठणीत असतो. तुमच्या वर्णनाशी हे जुळतं.

मात्रेचा अंदाज यावा म्हणून सांगते: प्रौढ माणसाला दिवसाला साधारण ३० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरतं. १० मिग्रॅ म्हणजे त्याच्या ३३३ पट.

आता करायचं ते असं. बायोटिन आजच बंद. पुडीत सगळं एकत्रच असेल तर अख्खी पुडी बंद. केसांच्या गमीज आणि "हेअर, स्किन, नेल्स" लिहिलेली मल्टिव्हिटॅमिनंही बघा, त्यांतही ते असतं. या मात्रेला किमान दोन दिवसांचं अंतर सांगतात. तुमच्याकडे वेळ आहे तर आठवडा जाऊ द्या. किडनी कमजोर असेल तर बायोटिन उशिरा निघतं, तेव्हा आठवड्याहूनही जास्त. मग त्याच लॅबमध्ये टीएसएच आणि फ्री टी४ पुन्हा करा, आणि फॉर्मवर "बायोटिन १० मिग्रॅ रोज, अमुक तारखेपासून बंद" असं लिहून द्या. टेक्निशियनला नुसतं तोंडी सांगितलं तर ते रिपोर्ट सही करणाऱ्या पॅथॉलॉजिस्टपर्यंत पोचेलच असं नाही.

सगळ्या यंत्रांना हा त्रास होत नाही. पद्धत रिपोर्टच्या तळाशी छापलेली असते. या पद्धतीत बायोटिन आड येतं का, हे लॅबला सरळ विचारा. नमुना शिल्लक असेल तर वेगळ्या पद्धतीच्या यंत्रावर तोच फिरवून मिळतो का, हेही विचारून घ्या.

एक गोष्ट गुरुवारपर्यंत थांबण्यासारखी नाही. छातीत दुखल्यावर हार्ट अटॅक आहे का हे बघायला जी ट्रोपोनिन तपासणी करतात, तीही काही यंत्रांवर बायोटिनमुळे खोटी कमी येते. अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने २०१७ मध्ये याबद्दल इशारा दिला होता. आईंना साखर आणि बीपी दोन्ही आहेत. अशी वेळ आलीच तर कॅज्युअल्टीत पहिल्या वाक्यात बायोटिन सांगा.

नेरुळचा फार्मसिस्ट

वरच्याशी सहमत. त्याला एक पुस्ती. पुडी किती वाजता घेतात? सकाळच्या नाश्त्याबरोबर असेल तर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम थायरॉक्सिनला आतड्यातच धरून ठेवतात, ते कमी शोषलं जातं आणि टीएसएच वर जायला हवा. तो खाली आला, म्हणजे संशय आणखी बळावतो.

आता डी. आठवड्याला ६०,००० म्हणजे रोजचे सुमारे ८,५७०, त्यात पुडीतले २,०००. एकूण १०,५०० च्या वर. देखरेखीशिवाय दीर्घकाळ घ्यायला प्रौढांसाठी ४,००० ही वरची मर्यादा धरतात. ६०,००० चा आठवडी डोस बहुधा आठ आठवड्यांचा असतो, पुढे महिन्याला एक किंवा रोजची छोटी मात्रा. गोंधळ इथेच होतो: चिठ्ठीवर "वीकली" लिहिलेलं असतं, "आठ आठवडे" लिहिलेलं नसतं, आणि दुकानदार स्ट्रिप देत राहतो. रील बघून तीच कॅप्सूल रोज घेणारेही आहेत. डी चरबीत साठतं, लघवीवाटे पटकन निघून जात नाही. जास्त झालं की रक्तातलं कॅल्शियम चढतं: तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठ, मळमळ, सुस्ती, आणि पुढे किडनीवर ताण. मधुमेहात पहिली दोन लक्षणं साखरेच्या नावावर खपतात, म्हणून नजरेतून सुटतात.

गुरुवारी २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी (शरीरातल्या डीची पातळी), सीरम कॅल्शियम आणि क्रिएटिनिन (किडनीसाठी) यांचं विचारा. डीची तपासणीही काही यंत्रांवर बायोटिनने बिघडते, तीही आठवड्यानंतरच द्या. कॅल्शियम आणि क्रिएटिनिन या साध्या रासायनिक तपासण्या आहेत, त्यांना बायोटिनची बाधा नाही.

डॉक्टर कॅल्शियम चालू ठेवा म्हणाले तर वेळा अशा: ६ ला थायरॉक्सिन, नुसत्या पाण्याबरोबर. चहा-नाश्ता पाऊण-एक तासाने, आणि मेटफॉर्मिन नाश्त्यासोबत. कॅल्शियम दुपारच्या जेवणात, म्हणजे चार तासांचं अंतर आपोआप पडतं. कॅल्शियम कार्बोनेट असेल तर ते जेवणासोबतच घ्यावं. लेबल नीट वाचा, "कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिग्रॅ" म्हणजे प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० च. मेटफॉर्मिन रात्रीच्या जेवणासोबत, मॅग्नेशियम असलंच तर झोपताना. मॅग्नेशियमने जुलाब होत असतील तर क्षार कोणता ते बघा, ऑक्साइडने ते जास्त होतात.

पुडीत एकच गोष्ट आईंच्या औषधांशी धरून आहे: बी१२. मेटफॉर्मिन बराच काळ घेणाऱ्यांत ते खरंच उतरतं. पण गोळी चालू असताना मोजलेला आकडा फुगलेलाच येणार. तपासणी आधी, गोळी नंतर, हा क्रम इथे उलटा झाला आहे.

टेल्मिसार्टन आहे म्हणून आणखी एक: "बीपीसाठी लो सोडियम मीठ" घरात आलंय का? त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं. टेल्मिसार्टन स्वतःच पोटॅशियम धरून ठेवतं. दोन्ही जमले आणि किडनी थोडी मंद असली की पोटॅशियम धोकादायक पातळीला जाऊ शकतं. त्यात रोज शहाळं असेल तर तेही सांगा.

पाचपाखाडीचे वैद्य

दोघांनी अश्वगंधा सोडून दिली. तिचा परिणाम खोटा नसतो, खरा असतो. रोज ६०० मिग्रॅ अर्क आठ आठवडे दिलेल्या एका छोट्या अभ्यासात थायरॉइड किंचित कमी असलेल्यांचा टीएसएच उतरला होता. थायरॉक्सिन चालू असलेल्याला वर हे दिलं तर खराखुरा अतिरेक होऊ शकतो. यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. दुर्मीळ, पण आहेत.

"आयुर्वेदिकच आहे, काय होतंय" हे आमच्या शास्त्राचं म्हणणं नव्हे. भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियात अश्वगंधाच्या मुळाच्या चूर्णाची मात्रा ३ ते ६ ग्रॅम दिली आहे. ६०० मिग्रॅ अर्क हा आकडा लहान दिसतो, पण अर्क किती पट घट्ट आणि त्यात विथॅनोलाइड्स (अश्वगंधातले मुख्य घटक) किती टक्के, यावर सगळं ठरतं. पुडीवर ते छापलं नसेल तर मात्रा ठाऊकच नाही असं समजा. आणि प्रकृती, अग्नी, वय, चालू औषधं न बघता २२ प्रश्नांवर रसायन देणं, याला कोणता वैद्य चिकित्सा म्हणेल?

गुळवेलीचंही तेच. मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेलीनंतर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने त्यावर वनस्पतीची ओळख पक्की केली नसल्याचा आक्षेप घेतला. वाद असो, पण ऑटोइम्यून थायरॉइड (शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइडवर उलटलेली) असलेल्याने गुळवेलीचा काढा सुरू करण्याआधी विचारावं, एवढं त्यातून नक्की निघतं.

आणि सकाळी दुधीचा रस घेत असाल तर तेही सांगतो. दुधी कडू निघाला तर रस टाकून द्या, अख्खा. मध-लिंबू घालून कडवटपणा झाकू नका. कडूपणा आणणाऱ्या कुकुर्बिटासिन या विषारी द्रव्यामुळे रक्ताच्या उलट्या, जुलाब, बीपी कोसळणं इथपर्यंत जातं, आणि त्यावर उतारा नाही. चिरताना तुकडा चाखून बघायला दोन सेकंद लागतात.

खारघर डाएट

कोच आता "मग फुल बॉडी पॅकेज करा" म्हणेल, म्हणून आधीच लिहिते. नॉर्मल रेंज बहुतेकदा निरोगी लोकांतल्या मधल्या ९५ टक्क्यांवरून ठरते. एकमेकांशी संबंध नसलेल्या २० तपासण्या एका निरोगी माणसाच्या केल्या तर निदान एक तरी रेंजबाहेर येण्याची शक्यता ६४ टक्के. ८० तपासण्यांच्या पॅकेजात लाल अक्षरात काहीतरी निघणारच, आणि त्या लाल अक्षरावर पुढची पुडी विकली जाते.

डीएनए किटचं म्हणाल तर एमटीएचएफआर या जनुकातला बदल दाखवून महागडं "मिथाइल" फोलेट (बी९ जीवनसत्त्व) खपवतात. अमेरिकेची सरकारी आरोग्य संस्था सीडीसी स्पष्ट सांगते की हा बदल असलेल्यांचं शरीरही फोलिक अ‍ॅसिडसकट सगळ्या प्रकारचं फोलेट वापरू शकतं.

गुरुवारी जाताना कापडी पिशवीत घरातला प्रत्येक डबा, स्ट्रिप, पुडी, काढ्याची बाटली, मिठाचं पाकीटसुद्धा घेऊन जा. कागदावर प्रत्येकापुढे मात्रा, वेळ, कधीपासून आणि कोणी सांगितलं. शेवटचा रकाना डॉक्टरला सगळ्यात जास्त उपयोगी पडतो.

कोलशेतकर

खूप आभार. पुडी नाश्त्याबरोबरच होती, साडेसातला. कालपासून बंद केली. लो सोडियम मीठही निघालं, जाऊबाईंनी दिलेलं! लॅब म्हणते त्यांच्या पद्धतीत बायोटिन आड येतं. डॉक्टरांना फोनवर सांगितलं. त्यांनी थायरॉक्सिन आहे तसंच ठेवा, डीची कॅप्सूल थांबवा आणि बुधवारी रक्त द्या असं सांगितलं.

शंका एकच. बायोटिन आणि अश्वगंधा एकदमच बंद झाली. मग टीएसएच नॉर्मल आला तर श्रेय कोणाचं हे कसं कळणार?

नौपाडा लॅब

वेगावरून. बायोटिनचा खोटेपणा काही दिवसांत जातो. खरोखर दबलेला टीएसएच वर यायला आठवडे लागतात, म्हणून तर डोस बदलल्यावर तपासणी सहा आठवड्यांनी करतात. बुधवारी थेट दोनच्या आसपास आला तर आधीचा आकडा बायोटिनचा होता. फ्री टी४ उतरूनही टीएसएच ०.१ च्या खालीच राहिला, तर वैद्यबुवांचा मुद्दा डॉक्टरांपुढे ठेवा.

कोलशेतकर

बुधवारी सकाळची गोळी घेऊन जायचं की न घेता?

नौपाडा लॅब

न घेता. गोळीनंतर दोन ते चार तास फ्री टी४ चढलेला असतो. रक्त देऊन झालं की तिथेच पाण्याबरोबर गोळी घ्या, आणि चहा तासाभराने. मागच्या वेळी गोळी घेऊन रक्त दिलं होतं का, तेही फॉर्मवर लिहा.