जर्सीत गांजाचं दुकान: परवाना आहे, मग अडतंय कुठे?

जर्सीकर_४८
आडपडदा न ठेवता विचारतो. माझा एक मित्र, मूळ सांगलीचा, इथे अमेरिकेत, मध्य न्यू जर्सीत गांजाच्या दुकानाचा परवाना काढतोय. किरकोळ विक्रीचा, इथल्या भाषेत 'क्लास ५'. नगरपालिकेचा होकार आलाय, जागा ठरलीय (आधी तिथे गाद्यांचं दुकान होतं). मला म्हणतो, दोन लाख डॉलर घाल, वीस टक्के तुझे.

मी घालावेत या मताचा आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये गांजा कायदेशीर करावा का यावर राज्यात मतदान झालं, तिघांतल्या दोघांनी 'हो' म्हटलं. २१ एप्रिल २०२२ ला विक्री सुरू झाली तेव्हा अख्ख्या राज्यात १३ दुकानांना परवानगी होती. पहिल्या दिवशीची रांग मी गाडीतून पाहिलीय, हातात कॉफी घेऊन पेन्शनर उभे होते. ५६५ नगरपालिकांपैकी बहुतेकांनी 'आमच्या हद्दीत नको' असा ठराव केला. म्हणजे जिथे परवानगी आहे तिथे शेजारच्या चार गावांचं गिऱ्हाईक आपोआप येणार.

दारूचं दुकान घेतलं असतं तर इथल्याच मंडळींनी पेढे मागितले असते. मग इथेच नाक का मुरडायचं? बायको विचारते, "आईंना काय सांगणार?" वनौषधी सांगेन.

आकडेमोड
नाक मुरडत नाही, कर भरतो लोकांचे. माझे दोन क्लायंट या धंद्यात आहेत, म्हणून लिहितो.

केंद्राच्या आयकर कायद्यात '२८०ई' नावाचं कलम आहे. १९८१ मध्ये मिनियापोलिसच्या एका ड्रग विक्रेत्याने कर न्यायालयात वजनकाटा, फोन, गाडीचं पेट्रोल असा सगळा खर्च वजा करून घेतला. खासदारांना ते झोंबलं आणि १९८२ मध्ये कलम आलं: केंद्राच्या अमली पदार्थांच्या यादीतल्या वरच्या दोन वर्गांतला माल विकणाऱ्याला मालाच्या खरेदीखेरीज कुठलाही खर्च वजा करता येणार नाही. गांजा पहिल्या वर्गात, हेरॉइनच्या पंगतीला. राज्याने परवाना दिला म्हणून केंद्राची पंगत बदलत नाही.

आता गंमत बघा. आकडे समजायला घेतलेत. वर्षाची विक्री २० लाख डॉलर. माल ११ लाखांचा. भाडं, पगार, सुरक्षा, विमा मिळून साडेसात लाख. हातात राहिले दीड लाख. साध्या दुकानाला कर या दीड लाखावर. तुमच्या मित्राला नऊ लाखांवर. २१ टक्क्यांनी १ लाख ८९ हजार. म्हणजे नफा दीड लाख, कर त्याहून जास्त, आणि ३९ हजार घरातून आणायचे. न्यू जर्सीने स्वतःच्या राज्य करापुरतं हे कलम २०२३ मध्ये बाजूला ठेवलं, पण मोठा घास केंद्राचा असतो.

त्या वीस टक्क्यांचा हिशोब मित्राने करपूर्व दाखवलाय की करोत्तर, एवढं विचारा.

जर्सीकर_४८
करपूर्व. (आत्ता बघितलं.) पण मे २०२४ मध्ये केंद्राच्या न्याय खात्याने गांजा तिसऱ्या वर्गात टाकायचा प्रस्ताव मांडला होता ना? तिसऱ्या वर्गाला २८०ई लागत नाही.

आकडेमोड
बरोबर, लागत नाही. पण प्रस्तावाच्या भरवशावर दहा वर्षांच्या भाडेकरारावर वैयक्तिक हमीची सही करायची का, हा तुमचा प्रश्न. माझा क्लायंट असता तर पेन काढून घेतलं असतं.

ओक्लाहोमात_पोळलेला
माझी कथा थोडक्यात. ओक्लाहोमाने २०१८ मध्ये औषधी गांजा उघडला. परवान्याची फी अडीच हजार डॉलर, संख्येवर मर्यादा नाही. जो उठला तो शेतकरी झाला. मीही ६० हजार घालून एकाच्या शेडमध्ये भागीदार झालो. हजारो परवाने, पीक मायंदाळ, गिऱ्हाईक तेवढंच, आणि माल राज्याच्या सीमेबाहेर नेला की केंद्राचा गुन्हा. भाव पडला की शेजारच्या बाजारात पाठवायची सोय नाही. आपल्याकडे कांदा निदान लासलगावहून दिल्लीला तरी जातो. २०२२ मध्ये राज्याने नवे परवाने थांबवले, तोवर आमची शेड बंद.

आणखी एक, जे कुणी आधी सांगत नाही. या धंद्याला केंद्राच्या दिवाळखोरी न्यायालयाचं दार बंद असतं. बुडालात तर एकेका घेणेकऱ्याशी एकट्याने भांडत बसा. मी बसलो, चौदा महिने.

काउंटरमागची
ओक्लाहोमाचं जर्सीला लावू नका हो. इथे गावागावाने संख्या ठरवलेली असते, त्यामुळे ती रेलचेल झाली नाही. मी अडीच वर्षं अशाच दुकानात काम करते.

दारात ओळखपत्र स्कॅन, २१ वर्षांखाली आत पाऊल नाही. एका वेळी एक औंस, म्हणजे २८ ग्रॅमच्या आसपास, त्याहून जास्त विकता येत नाही. प्रत्येक डबीवर राज्याच्या नोंदप्रणालीचा टॅग. रात्री दुकान बंद केल्यावर आम्ही मोजायला बसतो. एकदा साडेतीन ग्रॅमची एक डबी (इथे 'एट्थ' म्हणतात) हिशोबात कमी आली. पाच माणसं, पावणेबारापर्यंत. शेवटी परत केलेल्या मालाच्या ट्रेखाली सापडली. सोन्याच्या पेढीत एवढी मोजणी होत असेल का, माहीत नाही.

गिऱ्हाईक कोण? गुडघेदुखीवाल्या आज्या, रात्रपाळीच्या नर्सा, झोप न येणारे बांधकाम मजूर. पूर्वी हेच लोक पार्किंगमध्ये कुणाकडून तरी पुडी घ्यायचे, त्यात काय मिसळलंय देवाला ठाऊक. आता डबीवर लॅबची तपासणी छापलेली असते. जर्सीत गोऱ्यांपेक्षा काळ्या लोकांना गांजासाठी तिप्पटीहून जास्त वेळा पकडलं जायचं, वापर जवळपास सारखा असूनही. ते बंद व्हायला हवंच होतं. धंदा मला पटतो.

फक्त भाव बघा. मी लागले तेव्हा एट्थ साठ डॉलरच्या घरात होती. आज आमच्याकडे पस्तिसाला जाते. भाडं मात्र तेवढंच.

मधुरा_पी
आज्यांचं कौतुक झालं, आता आईचं ऐका. माझा मुलगा सतराव्या वर्षी गांजाची व्हेप (ई-सिगारेटसारखी कांडी) ओढायला लागला, परवानाधारक दुकानातूनच आलेली, कुणाच्या तरी मोठ्या भावाने आणलेली. अकरावीचं वर्ष गेलं. दोनदा इमर्जन्सीत नेलं, भिंतीतून कोणी बोलतंय म्हणायचा. आता बरा आहे. कोवळ्या वयात जास्त मात्रेच्या गांजाचा सायकोसिसशी (भास-भ्रमांच्या मानसिक आजाराशी) संबंध डॉक्टर मंडळी बरीच वर्षं सांगताहेत. दारात स्कॅनर लावला म्हणजे दाराबाहेर काय होतं त्याची जबाबदारी संपते का? दोन लाख डॉलर गुंतवायला दुसरं काहीच नाही सापडलं?

काउंटरमागची
मधुराताई, वाचून वाईट वाटलं. मोठ्या भावाचं खरं आहे, आम्ही एकाला असंच ओळखून परत पाठवलंय. पण दुकान बंद केलं तरी तो भाऊ पार्किंगमध्ये जाईल.

मधुरा_पी
जाईल. पण ते दुकान माझ्या शेजाऱ्याच्या पैशाचं नसेल.

कागदपत्रे_तपासा
सगळे कराचं आणि नीतीचं बोलताय. मूळ प्रश्न कुणी विचारलाच नाही: नागरिक कोण आहे?

राज्य काहीही म्हणो, केंद्राच्या इमिग्रेशन कायद्याला गांजाची विक्री म्हणजे अमली पदार्थांचा व्यापार. शिक्षा व्हायची गरज नाही, अधिकाऱ्याला 'सबळ कारण' वाटलं तरी प्रवेश नाकारता येतो. अशा माणसाचे बायकामुलं मागच्या पाच वर्षांत त्या पैशावर जगली आणि पैसा कुठून येतो हे त्यांना ठाऊक असलं, तर त्यांनाही तेच कलम लागतं. नागरिकत्व खात्याने एप्रिल २०१९ मध्ये लेखी स्पष्ट केलं की राज्यात कायदेशीर असलेली नोकरीसुद्धा नागरिकत्वासाठी लागणाऱ्या 'चांगल्या चारित्र्या'च्या आड येते. त्याच वर्षी कोलोरॅडोत परवानाधारक गांजा कंपन्यांत काम केलेल्यांची नागरिकत्वं अडली होती, डेन्व्हरच्या महापौरांनी केंद्राला पत्र लिहिलं होतं.

दुसरं टोक भारतात. आपला १९८५ चा एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायदा भारताबाहेरच्या भारतीय नागरिकांनाही लागू होतो. कलम १२ बघा: भारताबाहेर माल घेऊन भारताबाहेरच विकणं, हेही केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय चालत नाही. कलम २४ मध्ये त्याला दहा ते वीस वर्षं सक्तमजुरी. इथल्या दुकानदारावर कुणी ते लावायला जाईल असं मी म्हणत नाही. पण कायदा पुस्तकात आहे, आणि भारताचा निळा पासपोर्ट खिशात असेल तर तो तुमच्यासाठी आहे.

तात्या_कोथरूड
एनडीपीएसमध्ये भांगेची पानं सुटलीत बरं का, गांजा म्हणजे शेंडे आणि बोंडं. मित्राला पानांचं दुकान काढायला सांगा, थंडाई ठेवा. 😀

कागदपत्रे_तपासा
तात्या, अमेरिकेच्या कायद्यात पान सुटलेलं नाही.

जर्सीकर_४८
मी २०१९ मध्ये नागरिक झालो, त्यामुळे माझ्यापुरती काळजी वाटली नाही. म्हणून वरचं वाचून मित्राला फोन केला. तू कशावर आहेस?

ग्रीन कार्डावर. अकरा वर्षं. "नागरिकत्वाचा फॉर्म भरायचा राहूनच गेला रे." परवान्याच्या अर्जात पोलिस तपासणी, बोटांचे ठसे, बँकेची पत्रं, सगळं राज्याला दिलंय. हे कुणी विचारलं नाही, आणि त्याने वकील केला तो नगरपालिकेच्या कामाचा. मी कलम वाचून दाखवलं तर म्हणाला, घाबरवू नको.

दर डिसेंबरला तो वडिलांसाठी सांगलीला जातो. यंदाचं तिकीट काढलेलं आहे, बायको आणि दोन्ही मुलींचंही.

आकडेमोड
तुमचे दोन लाख राहू देत. त्याला आज इमिग्रेशनच्या वकिलाकडे न्या. भाडेकरारावर सही झालीय का?

जर्सीकर_४८
शुक्रवारी आहे.