चर्चा: वाघासाठी गाव उठवायचं, तर आधी काय व्हायला हवं?

मोहफूल (धागा सुरू करताना)

टांझानियातल्या न्गोरोंगोरोच्या बातम्या काही वर्षं सतत येताहेत. १९५९ साली सेरेंगेटीतून मासाई पशुपालकांना बाहेर काढलं, तेव्हा शेजारचं न्गोरोंगोरो माणसं आणि वन्यजीव दोघांसाठी राखलं गेलं. आता तिथूनही त्यांना सुमारे ६०० किलोमीटरवरच्या म्सोमेरा गावी पाठवणं चालू आहे. जून २०२२ मध्ये शेजारच्या लोलिओंडोत १,५०० चौरस किलोमीटर कुरणावर हद्दीचे खांब रोवताना संघर्ष पेटला. एक पोलीस मारला गेला, गोळ्यांनी मासाई जखमी झाले, कितीतरी कुटुंबं सीमा ओलांडून केनियात गेली. सरकारचा शब्द मात्र 'स्वेच्छेने स्थलांतर' असाच आहे. ह्यूमन राइट्स वॉचच्या २०२४ च्या अहवालात न्गोरोंगोरोतल्या दवाखान्यांच्या सेवा कशा कमी केल्या याची नोंद आहे. दवाखाना बंद होत आला की माणूस स्वतःहून गाठोडं बांधतो. त्याला संमती म्हणणं मला मान्य नाही.

हे आपल्याही दारातलं आहे. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने १९ जून २०२४ ला राज्यांना पत्र पाठवलं: व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रात अजून ५९१ गावं, ६४,८०१ कुटुंबं आहेत, त्यांचं पुनर्वसन प्राधान्याने करा आणि कालबद्ध आराखडा द्या.

कायद्यात क्रम स्वच्छ लिहिलाय. वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम ३८-व्ही आणि वनहक्क कायद्याचं कलम ४(२) एकत्र वाचा. आधी त्या गावाच्या वैयक्तिक आणि सामूहिक हक्कांची मान्यता पूर्ण व्हायची. मग लोकांच्या वावरामुळे वाघाचं आणि अधिवासाचं कधीच भरून न येणारं नुकसान होतंय हे दाखवायचं, तेही त्या भागाची माहिती असलेल्या शास्त्रज्ञाला विचारून. मग सहजीवनाचा दुसरा वाजवी मार्ग नाही हे ठरवायचं. त्यानंतर पॅकेज, मग ग्रामसभेची लेखी, माहितीपूर्ण संमती. नव्या जागी जमीन आणि सोयी तयार झाल्यावरच घर हलवायचं. कोयनेच्या धरणग्रस्तांचे प्रश्न साठ वर्षांनंतरही सरकारदरबारी पडून आहेत, हे ठाऊक असलेल्याला ही शेवटची अट का घातली ते सांगावं लागत नाही.

प्रत्यक्षात सुरुवात पॅकेजपासून होते. हक्कांचे दावे उपविभागीय समितीकडे पडलेले असतात आणि गावात कुटुंबांची यादी सुरू झालेली असते. माझं म्हणणं एवढंच: पहिल्या तीन पायऱ्यांचे कागद नसतील, तर ग्रामसभेचा ठराव कितीही सह्यांचा असो, ती संमती धरू नये.

पाणवठा

क्रम पाळायला हवा, मान्य. पण 'दुसरा मार्ग नाही हे सिद्ध करा' असं दर गावामागे म्हणत बसलो, तर वाघाचं गणित कोण पाहणार?

एक वाघ वर्षाला साधारण ५० चितळांएवढी शिकार करतो. कळपातून वर्षाला दहा टक्के जनावरं गेली तरी कळप टिकतो. म्हणजे एका वाघामागे ५०० च्या आसपास चितळ, सांबर, नीलगाय हवेत. वाघांची संख्या दीर्घकाळ टिकायला २० प्रजननक्षम माद्या लागतात आणि त्यांना ८०० ते १,००० चौरस किलोमीटर निर्धोक, म्हणजे माणसांची वस्ती नसलेलं जंगल लागतं, हा प्राधिकरणाचाच निकष. ताडोबाचा गाभा आहे ६२५. तिथे नदीकाठच्या सपाट, पाणथळ जागेवरचं गाव नकाशात ठिपक्याएवढं दिसतं, पण चितळाचं उन्हाळ्यातलं सगळं जगणं त्याच जागेवर असतं. गावाची ३०० गुरं रोज दोन-तीन किलोमीटरच्या घेरात चरतात, तेवढ्या घेरातलं गवत मार्चपर्यंत संपतं.

आणि कुत्री. १९९४ मध्ये कॅनाइन डिस्टेंपरने सेरेंगेटीतले सुमारे एक तृतीयांश सिंह गेले. विषाणू पाळीव कुत्र्यांमधून आला होता.

निस्तार

@पाणवठा, सेरेंगेटीतली ती कुत्री उद्यानाच्या हद्दीबाहेरच्या गावांतली होती. गाव उठवून तो आजार थांबत नाही. कुत्री माणसांबरोबर बफरमध्ये, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यात, जातात आणि वाघही बफरमध्ये येतोच. त्यावर उपाय लसीकरण, तेही दरवर्षी.

आता पैशांचं बोलू. २००८ मध्ये कुटुंबामागे १० लाख ठरले, २०२१ मध्ये ते १५ लाख झाले. पर्याय दोन. पहिला, सगळी रक्कम घ्या आणि स्वतःची सोय पाहा. दुसरा, वन विभाग वसवून देतो. २००८ च्या मार्गदर्शक सूचनांत दुसऱ्या पर्यायाची वाटणी दिलीय: २ हेक्टर शेतजमीन घेणं आणि सुधारणं ३५ टक्के, हक्कांची भरपाई ३० टक्के, घरजागा आणि घर २० टक्के, प्रोत्साहन ५ टक्के, रस्ता-पाणी-वीज-स्मशान अशा सामूहिक सोयी १० टक्के.

हेच प्रमाण १५ लाखांना लावा. २ हेक्टरला, म्हणजे पाच एकराला, सव्वापाच लाख. एकरी लाख रुपयांच्या थोडं वर. विदर्भात ओलिताची जमीन या भावात कोण देतं? मिळते ती बरड, नाहीतर तुकड्यातुकड्यांत. म्हणून लोकांना रोख रक्कम जवळची वाटते.

रोख घेतली तर? समजा १२ लाख मुदत ठेवीत, ७ टक्क्यांनी. महिन्याला ७,००० रुपये. आत राहताना सरपण, पाणी, चराई, मोह, तेंदू, चारोळी, डिंक, पावसाळ्यातल्या रानभाज्या यांना पैसे पडत नव्हते. बाहेर आल्यावर गॅस, चारा, तेल, भाजी, सगळं विकत. आणि ७,००० हा आकडा दरवर्षी तोच राहतो, महागाई राहत नाही.

सातबारा

निस्तार यांनी रकमेचं मांडलं, मी कागदांचं मांडते. पुनर्वसन खरं फसतं ते इथे.

एक, कुटुंबाची व्याख्या. १८ वर्षांवरचा मुलगा, लग्न झालेलं असो वा नसो, वेगळं कुटुंब. १८ वरची अविवाहित मुलगी, विधवा, घटस्फोटिता, अनाथ अल्पवयीन, अपंग व्यक्ती यांचाही वेगळा हक्क. पण वय मोजायची एक तारीख ठरवलेली असते. यादी झाल्यावर गाव हलायला पाच-सहा वर्षं गेली, तर मधल्या काळात १८ ओलांडलेली पोरं यादीबाहेर. गावात भांडण लागतं ते बहुतेकदा इथूनच. उपाय साधा आहे: हलण्याच्या आदल्या वर्षी यादी पुन्हा करायची आणि ग्रामसभेत नावं मोठ्याने वाचायची.

दोन, नवी जागा वनजमीन असेल तर तिचं निर्वनीकरण. ते राहिलं की जमीन कागदोपत्री जंगलच. सातबारा नाही, म्हणून पीककर्ज नाही. विहिरीच्या, घरकुलाच्या योजनेत नाव बसत नाही. नव्या वस्तीला महसुली गावाचा दर्जा मिळेपर्यंत पायाखालची जमीन आपली आहे हे दाखवायला त्यांच्याकडे काहीच नसतं.

तीन, गायरान. घर आणि शेताची मोजणी होते, चराईची होत नाही. पहिल्या उन्हाळ्यात गुरं विकली जातात किंवा शेजारच्या गावाच्या शिवारात घुसतात. मग शेजारच्या गावाशी वैर.

मी पुनर्वसनाच्या विरोधात नाही. पण हे तीन कागद हातात आल्याशिवाय ट्रक गावात यायला नको.

गवताळ

गाव गेल्यावर त्या जागेचं काय होतं, याबद्दल कुणीच लिहिलं नाही. माणसं गेली की हरणं येतात, हा समज चुकीचा आहे. आधी येतो तरोटा.

सोडलेल्या शेतात पहिल्या पावसातच तरोटा, रानतुळस, गाजरगवत कमरेएवढं माजतं. कडेने घाणेरी सरकते. यातलं चितळ काही खात नाही. तरोटा विळ्याने कापला तर खालून फांद्या फुटतात आणि शेंगा लागतातच. तो ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, जमीन ओली असताना, शेंग धरायच्या आत मुळासकट उपटावा लागतो. बी जमिनीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं, त्यामुळे एक हंगाम करून सोडलं तर केलेलं सगळं वाया. किमान तीन पावसाळे लागोपाठ. नांगर घालायचा नाही, खालचं तणाचं बी वर येतं.

मग पवना, मारवेल या चाऱ्याच्या गवतांचं बी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हाताने ओरबाडून गोळा करायचं, सावलीत वाळवायचं, पोत्यात भरून कोरड्या जागी ठेवायचं आणि पुढच्या जूनच्या तोंडावर माती-शेण कालवून पेरायचं. उघड्या विहिरी बुजवायच्या किंवा कठडा बांधायचा, नाहीतर रात्री जनावर पडतं. कुंपणाच्या तारा एकूण एक काढायच्या.

एवढं केलं तर काही वर्षांत खरं कुरण उभं राहतं आणि तिथे जेवढी जनावरं दिसतात तेवढी दाट जंगलात दिसत नाहीत. म्हणून मी पाणवठा यांच्या बाजूचा. गावाच्या जागा या जंगलातल्या सगळ्यात सुपीक जागा आहेत.

मोहफूल

@गवताळ, पवना कुठला आणि कुसळी कुठली हे पानावरून ओळखणारी माणसं कोण? जी उठवली तीच. त्यांना ४० किलोमीटरवर नेऊन बसवल्यावर तण काढायला रोजंदारीवर कुणाला आणणार?

कर्नाटकातलं बिळिगिरी रंगनाथ टेकड्यांचं उदाहरण घ्या. २०११ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला आणि त्याच वर्षी तिथल्या सोलिगा आदिवासींच्या गावांना सामूहिक वनहक्क मिळाले. २०१० ते २०१४ मध्ये तिथल्या वाघांचा अंदाज ३५ वरून ६८ वर गेला. हे हक्कांमुळेच झालं असा माझा दावा नाही. हक्क मिळाल्यावर वाघ घटले नाहीत, एवढं मात्र नक्की. सोलिगा लोक उन्हाळ्याच्या सुरुवातीला पाचोळ्याला हलकी आग लावत. ती बंद केल्यावर घाणेरी माजली, असं ते कित्येक वर्षं सांगताहेत.

आणि निर्धोक जंगलाचा नियम सगळ्यांना सारखा लावा. २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार गाभ्याच्या २० टक्क्यांपर्यंत क्षेत्रात पर्यटन चालतं. केन-बेतवा नदीजोड प्रकल्पात मध्य प्रदेशातल्या पन्ना व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातलं जंगल पाण्याखाली जाणार आहे. माणसांना हलवून रिकामी केलेली जमीन पुढे दुसऱ्या कामासाठी वळवायची नाही, असं वनहक्क कायद्यात लिहिलंय. तो शब्द पाळला जाईल, याची खात्री गावाला कोण देणार?

पाणवठा

केन-बेतवाबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. पन्नात एकही वाघ उरला नव्हता. २००९ पासून बाहेरून वाघ आणून ती संख्या उभी केली. तिथे धरण बांधणं अन्यायच आहे, आणि ते रेटणाऱ्या सरकारला कोरकू गावाला 'वाघासाठी उठा' म्हणायचा नैतिक अधिकार उरत नाही.

पण बिळिगिरीचा दाखला सगळीकडे चालणार नाही. तिथे गुरं फारशी नाहीत, बऱ्याच सोलिगा घरांची मिळकत कॉफी आणि वनोपजावर आहे. मेळघाटच्या गाभ्यातल्या गावांत शेती आणि गुरं दोन्ही आहेत. पावसाळ्यात नाला चढला की गरोदर बाई दवाखान्यापर्यंत पोचत नाही, रस्ता रुंद करायला वन कायदा आडवा येतो. 'आम्हाला बाहेर न्या' असा अर्ज कित्येकदा गावच करतं. त्यांनी हक्कांचे दावे निकाली निघेपर्यंत आणखी दहा वर्षं थांबायचं का? कर्नाटकातच भद्रा अभयारण्यातून २००१-०२ मध्ये ४०० हून अधिक कुटुंबं बाहेर आली. कालव्याखालची ओलिताची जमीन आधी तयार होती, म्हणून तिथे लोक टिकले.

निस्तार

भद्राचं उदाहरण म्हणजे आमचंच म्हणणं: जमीन आधी.

आणि दावे निकाली काढायला दहा वर्षं लागत नाहीत. वन हक्क समितीने हद्द फिरून नजरी नकाशा करायचा, निस्तार पत्रक (गावाच्या जंगलवापराच्या जुन्या हक्कांची नोंद) आणि म्हाताऱ्यांचे जबाब जोडायचे, ग्रामसभेत निम्मी गणसंख्या आणि त्यात एक तृतीयांश बायका असताना ठराव करायचा आणि उपविभागीय समितीकडे द्यायचा. २००९ मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला सामूहिक हक्क मिळाला तेव्हा कायदा लागू होऊन दोन वर्षंही झाली नव्हती. वेळ जातो तो फाइल टेबलावर पडून. गाव अडचणीत ठेवायचं आणि मग 'बघा, त्यांनाच जायचंय' म्हणायचं, हे धाग्यातल्या पहिल्याच उदाहरणासारखं झालं.

सातबारा

@पाणवठा, गावानेच अर्ज केला असेल तर दोन्ही कामं एकाच वेळी चालवता येतात. हक्कांची मोजणी एकीकडे, नव्या जागेचं निर्वनीकरण दुसरीकडे. हक्क आधी मान्य झाले तर 'हक्कांची भरपाई' या ३० टक्क्यांचा हिशेबही नीट मागता येतो, नाहीतर तो भाग हवेतच राहतो.

फक्त संमतीच्या सभेचं इतिवृत्त नीट तपासा. ठराव सरकारी मराठीत असतो, खाली अंगठे असतात. पर्याय एक आणि पर्याय दोन, त्यांतल्या रकमा, सोडावे लागणारे हक्क आणि 'नाही' म्हटलं तर गावात राहता येतं ही गोष्ट, हे सगळं कोरकूत किंवा गोंडीत वाचून दाखवलं का, कुणी दाखवलं, याची ओळ त्यात असायला हवी. ती नसेल तर ठराव परत पाठवायचा आणि सभा पुन्हा घ्यायची.

पाणवठा

ही अट मला मान्य आहे. मूळ धाग्यातल्या तीन पायऱ्यांवर मात्र माझी हरकत कायम. 'दुसरा मार्ग नाही' हे दर गावापुरतं न पाहता पूर्ण गाभ्यापुरतं एकदा ठरवावं. ८०० चौरस किलोमीटरचा प्रश्न एका गावाच्या सभेत सुटत नाही.

मोहफूल

कायद्यातली संमती ग्रामसभेची आहे, गाभ्याची नाही. नोव्हेंबर-डिसेंबर २००७ मध्ये, वनहक्क कायदा ३१ डिसेंबरला लागू व्हायच्या तोंडावर, बहुतेक प्रकल्पांचे गाभे घाईघाईत जाहीर झाले ते 'एकदाच ठरवू' म्हणूनच. त्या हद्दी आखताना आत राहणाऱ्यांना विचारलं नव्हतं, म्हणून आज ५९१ गावांमागे हा वाद चालू आहे. तुम्ही पूर्ण गाभ्याचा अभ्यास जरूर करा. तो गावागावांत वाचून दाखवा आणि मग सभा घ्या.