१९६४ ची म्हणून दाखवलेली गिब्सन ईएस-३३५ खरोखर त्या वर्षीची आहे का?

जुनी तार (प्रश्न):
चेरी रंगाची एक गिब्सन ईएस-३३५ इलेक्ट्रिक गिटार मी घेण्याच्या विचारात आहे. विक्रेता ती १९६४ ची असल्याचे सांगतो आणि गिटार इतकी जपलेली आहे की पहिल्या नजरेत शंकेला जागा उरत नाही. लॅकरवर केसासारख्या बारीक भेगा आहेत, पण कुठेही टवका उडालेला नाही, आणि बॉडीवरच्या f आकाराच्या एफ-छिद्रातून डोकावल्यास नारिंगी लेबलावरचा अनुक्रमांक स्वच्छ वाचता येतो. तारा स्टॉप टेलपीसमध्ये, म्हणजे बॉडीवरच बसवलेल्या धातूच्या पट्टीत, अडकवलेल्या आहेत. मात्र नटची (नेकच्या, म्हणजे गिटारच्या मानेच्या, वरच्या टोकाला तारा ज्या खाचांत बसतात त्या पट्टीची) रुंदी जेमतेम ४० मिलिमीटर भरली. ही गोष्ट काळजी करण्याजोगी आहे का?

लाकूडवेडा:
होय, आहे. १९६४ पर्यंत या गिटारच्या नटची रुंदी साधारण ४३ मिलिमीटर असे. १९६५ मध्ये ती सुमारे ४० वर आली. त्याच सुमारास बॉडीत बसवलेला स्टॉप टेलपीस जाऊन, खालच्या कडेला स्क्रूंनी जोडलेला ट्रॅपीझ टेलपीस आला. त्यामुळे अरुंद नेक आणि स्टॉप टेलपीस एकत्र दिसले, तर टेलपीस नंतर कोणीतरी बदलून घेतला असण्याची शक्यताच अधिक. पट्टा अडकवण्याच्या बटणाभोवती बुजवलेली स्क्रूची भोके दिसतात का, ते तिरप्या प्रकाशात पाहावे. अनुक्रमांकावर विसंबू नका, कारण त्या दशकात गिब्सनने तेच क्रमांक पुन्हा पुन्हा वापरले आहेत.

जुनी तार:
आज पुन्हा जाऊन पाहिले. बटणाच्या आजूबाजूला तीन ठिपके आहेत. रंग हुबेहूब जुळवलेला आहे, पण त्यांवरून नख फिरवले की किंचित खोलगट लागतात. दंतवैद्य वापरतात तसा छोटा आरसा एफ-छिद्रातून आत धरल्यावर एका पोटेन्शिओमीटरवर (आवाज कमीजास्त करण्याच्या बटणाखालच्या विद्युत भागावर) १३७६५२२ हा आकडा वाचता आला.

सोल्डर आणि धूर:
१३७ म्हणजे सीटीएस ही उत्पादक कंपनी, ६५ म्हणजे वर्ष आणि २२ म्हणजे आठवडा. पोटेन्शिओमीटरची तारीख गिटारची जन्मतारीख नव्हे, हे खरे; परंतु सोल्डर, म्हणजे वायरी जोडणारे धातूचे सांधे, मूळचे असेल, तर गिटार त्या आठवड्याच्या आधी तयार झालेली असूच शकत नाही. सोल्डरवर हात फिरला आहे का, तेवढे तपासावे.

लाकूडवेडा:
तरीही ही गिटार हातची सोडावी, असे मी म्हणणार नाही. १९५८ मध्ये हे मॉडेल आले तेव्हा पोकळ बॉडीच्या मधोमध मेपलचा सलग ठोकळा घालण्यामागे, मोठ्या आवाजात वाजवतानाही फीडबॅकला (स्पीकरचा आवाज गिटारमध्ये परत शिरून होणाऱ्या किंचाळीला) आळा बसावा हाच हेतू होता, आणि टेलपीस बदलल्याने तो ठोकळा काही नाहीसा होत नाही. अरुंद नेकवर तुमची बोटे मोकळी फिरत असतील, तर जरूर घ्या. फक्त किंमत १९६५ च्या, टेलपीस बदललेल्या गिटारची द्या, आणि पावतीवर ‘१९६४, सर्व भाग मूळचे’ असे लिहू देऊ नका.