‘शेतकऱ्याने कापूस विकला’ हे वाक्य कर्मणी, मग इंग्रजीत ते ॲक्टिव्ह कसे?

पारोळ्याची_परीक्षार्थी

नमस्कार. मी पारोळा तालुक्यातील एका गावी राहून संयुक्त गट ब मुख्य परीक्षेची तयारी करीत आहे. माझे सर्व शिक्षण मराठी माध्यमातून झालेले आहे. या परीक्षेत मराठी आणि इंग्रजी या दोन्ही भाषांचे व्याकरण एकाच पेपरात विचारले जात असल्यामुळे सकाळी ‘प्रयोग’ आणि दुपारी ‘व्हॉइस’ असा अभ्यास चालतो, आणि नेमका तिथेच माझा गोंधळ होतो. माझ्याकडील मार्गदर्शकात ‘कर्तरी म्हणजे ॲक्टिव्ह आणि कर्मणी म्हणजे पॅसिव्ह’ असे एका ओळीत दिलेले आहे. ‘शेतकऱ्याने कापूस विकला’ या वाक्यात क्रियापद कापसाप्रमाणे चालते, म्हणून प्रयोग कर्मणी, याबद्दल मला शंका नाही. त्याच न्यायाने मी इंग्रजीत ‘द कॉटन वॉज सोल्ड बाय द फार्मर’ असे लिहिले. परंतु सराव प्रश्नपत्रिकेच्या उत्तरांत ‘द फार्मर सोल्ड द कॉटन’ असे भाषांतर दिले असून त्याला ॲक्टिव्ह म्हटले आहे.

आणखी दोन ठिकाणी अडले आहे. ‘ही हॅज अ ट्रॅक्टर’ या वाक्यात कर्म असूनही त्याचा पॅसिव्ह होत नाही, असे उत्तरात लिहिले आहे, पण कारण दिलेले नाही. तसेच ‘समबडी हॅज स्टोलन द पंप केबल’ याचे उत्तर ‘द पंप केबल हॅज बीन स्टोलन’ एवढेच आहे. त्यात ‘बाय समबडी’ का लिहिलेले नाही? सर्व काळांचा तक्ता पाठ आहे, तरीही समोर वाक्य आले की हात थबकतो. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

नाना_अमळनेर

ताई, तुमचे मराठी वाक्याचे विश्लेषण अचूक आहे. चूक त्या मार्गदर्शकाच्या ओळीत आहे आणि ती ओळ कितीतरी पुस्तकांतून वर्षानुवर्षे तशीच उतरवली जात आहे. प्रयोग ठरवताना आपण क्रियापद कोणाच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते एवढेच पाहतो. व्हॉइस ठरवताना वाक्याच्या उद्देश्याच्या जागी क्रिया करणारा बसला आहे की जिच्यावर क्रिया घडली ती वस्तू, आणि त्यानुसार क्रियापदाची घडण कशी झाली आहे, हे पाहायचे असते. या दोन वेगळ्या कसोट्या आहेत, त्यामुळे एकीचे उत्तर दुसरीला लावता येत नाही.

याची खात्री पटवून घ्यायची असेल तर वाक्यातील बाकी काही न हलवता केवळ काळ बदलून पाहा. ‘शेतकरी कापूस विकतो’ हा कर्तरी प्रयोग आहे, ‘शेतकरी कापूस विकेल’ हाही कर्तरीच आहे, आणि ‘शेतकऱ्याने कापूस विकला’ असे म्हणताच तो कर्मणी होतो. सांगणाऱ्याचा रोख मात्र तिन्ही वाक्यांत शेतकऱ्यावरच आहे. सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात कर्त्याला ‘ने’ लागतो आणि क्रियापद कर्माच्या मागे जाते, ही मराठीची स्वतःची रीत आहे. इंग्रजीत ‘सेल्स’, ‘विल सेल’ आणि ‘सोल्ड’ ही तिन्ही ॲक्टिव्ह रूपे आहेत, कारण तेथे काळ बदलल्याने व्हॉइस कधीही बदलत नाही. पुढे कापसाच्या जागी केळी घातली तर आपण ‘विकली’ म्हणतो, घर घातले तर ‘विकले’ म्हणतो. इंग्रजीचे ‘सोल्ड’ तिन्ही ठिकाणी जसेच्या तसे राहते.

आता ‘शेतकऱ्याने बैलाला बांधले’ हे वाक्य घ्या. हा भावे प्रयोग आहे, परंतु इंग्रजीत ‘द फार्मर टाइड द बुलॉक’ हे सरळ ॲक्टिव्हच आहे. उलट ‘तो इंग्रजी शिकला’ यात भूतकाळ आहे, कर्मही आहे, तरी प्रयोग कर्तरीच राहतो. म्हणजे मराठीचे तिन्ही प्रयोग इंग्रजीच्या एकाच ॲक्टिव्हमध्ये सामावतात. आपल्या अहिराणीतही हेच आहे: ‘पोऱ्यानी भाकर खादी’ आणि ‘पोऱ्यानी आंबा खादा’ यांत क्रियापद भाकरीकडे आणि आंब्याकडे पाहून बदलते, म्हणून घरात कोणी पॅसिव्ह बोलत आहे असे आपण समजत नाही.

इंग्रजी पॅसिव्हच्या सर्वांत जवळची मराठी रचना ‘जाणे’ या क्रियापदाच्या साहाय्याने होते: ‘कापूस विकला गेला’. तिला ‘शेतकऱ्याकडून’ जोडले की व्याकरणात जिला नवीन कर्मणी म्हणतात ती रचना मिळते, आणि ती इंग्रजीच्या वळणाची आहे असे व्याकरणाच्या पुस्तकांतच सांगितलेले असते. तेव्हा भाषांतर करताना मराठी वाक्यात ‘ने’ दिसला म्हणून पॅसिव्ह लिहू नका. ‘विकला गेला’, ‘बांधली जाते’, ‘दिले जाईल’ अशी घडण दिसली तरच पॅसिव्हचा विचार करा.

तक्त्याविषयीही लिहितो, कारण तो पाठ असूनही अडते असे तुम्ही म्हटले आहे. मी वर्गात तक्ता सर्वांत शेवटी देत असे. मूळ वाक्यात मुख्य क्रियापद ज्या रूपात आहे त्या रूपात ‘बी’ हे क्रियापद घालायचे आणि मुख्य क्रियापदाचे तिसरे रूप त्याच्या मागे ठेवायचे, एवढ्या एका सूत्रातून संपूर्ण तक्ता बाहेर पडतो. ‘विल सेल’ मध्ये मूळ रूप आहे, म्हणून ‘विल बी सोल्ड’. ‘इज सेलिंग’ मध्ये ‘इंग’ चे रूप आहे, म्हणून ‘इज बीइंग सोल्ड’. ‘हॅज सोल्ड’ मध्ये तिसरे रूप आहे, म्हणून ‘बी’ चे तिसरे रूप ‘बीन’ आणि उत्तर ‘हॅज बीन सोल्ड’. साध्या काळात ‘सेल्स’ साठी ‘इज’ किंवा ‘आर’ आणि ‘सोल्ड’ साठी ‘वॉज’ किंवा ‘वेअर’ येते. मात्र ते नव्या उद्देश्याच्या वचनाप्रमाणे निवडायचे, जुन्या नव्हे. बहुतेक विद्यार्थी इथेच घसरतात. ‘द ट्रेडर बॉट द बनानाज’ याचे उत्तर ते ‘द बनानाज वॉज बॉट’ असे लिहितात, कारण त्यांच्या डोळ्यांपुढे अजून एकटा व्यापारी असतो. हेच सूत्र ‘हॅज बीन सेलिंग’ ला लावले तर ‘हॅज बीन बीइंग सोल्ड’ असे जड रूप तयार होते. ते व्यवहारात जवळपास कोणी वापरत नाही, म्हणून क्रमिक पुस्तकेही त्या काळाचा पॅसिव्ह करायला सांगत नाहीत.

तापीकाठ

‘बाय समबडी’ बद्दल माझे मत मांडतो. भुसावळच्या एका कार्यालयात इंग्रजी टिपणे आणि पत्रे तयार करण्याचे काम माझ्याकडे होते, त्यामुळे पॅसिव्ह वाक्यांशी रोजचा संबंध आला. पॅसिव्ह वापरण्याचे मोठे कारणच असे की क्रिया करणारा ठाऊक नसतो, सांगण्याजोगा नसतो किंवा सांगायचा नसतो. केबल कोणी चोरली हे ठाऊक असते तर मूळ वाक्यातच ‘समबडी’ आला नसता. म्हणून ‘समबडी’, ‘समवन’, ‘पीपल’, ‘दे’ असे मोघम कर्ते पॅसिव्हमध्ये गळतात. ‘खान्देश वॉज डिव्हायडेड इंटू टू डिस्ट्रिक्ट्स इन 1906’ हे वाक्य पाहा. पूर्व आणि पश्चिम खान्देश असे दोन जिल्हे झाले ही माहिती वाचकाला हवी असते, आदेश कोणत्या अधिकाऱ्याने काढला हे त्या वाक्यात कोणी शोधत नाही.

याच्या उलट उदाहरणही आपल्याच भागातले आहे. ‘बहिणाबाईज पोएम्स वेअर रिटन डाउन बाय हर सन’ या वाक्यातून ‘बाय हर सन’ काढून टाकले तर त्यात सांगण्यासारखे काही उरत नाही, कारण बहिणाबाईंना लिहिता येत नव्हते आणि सोपानदेवांनी ती गाणी उतरवून घेतली हीच तर मुख्य गोष्ट आहे. अशा वेळी ‘बाय’ राहिलाच पाहिजे.

जाता जाता एक सूचना करतो. साधन सांगायचे असेल तर ‘बाय’ ऐवजी ‘विथ’ येतो. चोराला ‘बाय’, पण चाकूने केबल कापली असेल तर ‘विथ अ नाइफ’. ‘नोन’ पुढे बहुधा ‘टू’ येतो आणि ‘कन्टेन्ड’ पुढे ‘इन’. असे शब्द थोडे आहेत, ते वाचनात येतील तसे टिपून ठेवावेत.

(सरकारी पत्रांतील ‘इट हॅज बीन डिसायडेड’ हा निर्णय कोणी घेतला हे त्या पत्रावरून मलाही कधी कळले नाही.)

चोपड्याचे_क्लासवाले

इतक्या खोलात जाण्याची गरज नाही. परीक्षेत वेळ कमी असतो. क्रियापदाला ‘काय’ किंवा ‘कोणाला’ असा प्रश्न विचारा. उत्तर आले की कर्म आहे, आणि कर्म आहे तेथे पॅसिव्ह होतोच. ‘गो’, ‘कम’, ‘स्लीप’, ‘अराइव्ह’ यांना कर्म नाही, म्हणून त्यांचा पॅसिव्ह नाही. आमचे विद्यार्थी या एका युक्तीवर सर्व प्रश्न सोडवतात.

नवापूरच्या_बाई

सर, ही युक्ती सुरुवातीला उपयोगी पडते हे मान्य आहे. परंतु ‘कर्म आहे तेथे पॅसिव्ह होतोच’ हे विधान बरोबर नाही, आणि मूळ प्रश्नातील ट्रॅक्टरचे वाक्य त्याच्याच विरुद्ध जाते. ‘ही हॅज’ ला ‘काय’ असे विचारले तर ‘अ ट्रॅक्टर’ असे उत्तर मिळते, तरी ‘अ ट्रॅक्टर इज हॅड बाय हिम’ हे इंग्रजी नव्हे. कारण मालकी असणे ही कृती नाही, ती स्थिती आहे. ट्रॅक्टरवर कोणी काही केलेले नाही. ‘रिझेम्बल’, ‘लॅक’, ‘कॉस्ट’ आणि मापाला बसणे या अर्थाचा ‘फिट’ ही क्रियापदे याच गटातली आहेत. ‘शी रिझेम्बल्स हर आत्या’ याचा पॅसिव्ह करून पाहिला तर कानालाच खटकतो. मात्र सगळीच स्थितिदर्शक क्रियापदे अशी नाहीत. ‘ओन’ चा अर्थही मालकीचाच आहे, पण ‘द ट्रॅक्टर इज ओन्ड बाय हिज अंकल’ हे शुद्ध वाक्य आहे. म्हणून ‘हॅव’ आणि त्याच्या सोबतची मोजकी क्रियापदे ओळखीची करून घेणे हाच उपाय आहे.

एकच क्रियापद दोन्हीकडे कसे वागते हे ‘वे’ या शब्दात चांगले दिसते. ‘द ट्रेडर वेड द सॅक’ याचा पॅसिव्ह होतो, ‘द सॅक वॉज वेड बाय द ट्रेडर’, कारण व्यापाऱ्याने गोणी काट्यावर ठेवून मोजली. ‘द सॅक वेज फिफ्टी किलोज’ याचा होत नाही, कारण पन्नास किलो हे कर्म नसून माप आहे. सरांच्या युक्तीने येथेही ‘काय’ चे उत्तर मिळेल आणि विद्यार्थी फसेल.

नाना, तुमच्या ‘विकणे’ च्या उदाहरणात एक भर घालते. ‘धिस कॉटन सेल्स क्विकली’ असेही इंग्रजीत म्हणतात. कापूस स्वतःला विकत नाही, तरीही रूप ॲक्टिव्ह आहे. आपण मराठीत ‘हा कापूस लवकर खपतो’ म्हणतो तसेच हे आहे. तेव्हा केवळ अर्थावरून व्हॉइस ठरवला तर चूक होते, क्रियापदाचे रूप पाहावेच लागते.

पारोळ्याची_परीक्षार्थी

सर्वांचे मनापासून आभार. काळ बदलून पाहण्याची नानांची कसोटी वापरली आणि प्रयोग व व्हॉइस प्रथमच वेगवेगळे दिसू लागले. खालील उत्तरे तपासून द्यावीत, ही विनंती.

‘माय ग्रँडमदर लुक्स आफ्टर द काव्ज’ याचे मी ‘द काव्ज आर लुक्ड बाय माय ग्रँडमदर’ असे केले. ‘द टीचर मेड द बॉइज रिपीट द लेसन’ याचे ‘द बॉइज वेअर मेड रिपीट द लेसन बाय द टीचर’ असे केले. ‘द बँक गेव्ह द फार्मर्स अ लोन’ येथे दोन कर्मे आहेत, त्यांतील कोणते पुढे आणावे हे कळले नाही. आणि ‘हू रिपेअर्ड द पंप?’ याची सुरुवातच करता आली नाही.

नाना_अमळनेर

पहिल्या वाक्यात ‘आफ्टर’ गळला आहे. ‘लुक आफ्टर’ हे दोन शब्द मिळून सांभाळणे असा अर्थ होतो, म्हणून ‘द काव्ज आर लुक्ड आफ्टर बाय माय ग्रँडमदर’ असे हवे. ‘आफ्टर’ आणि ‘बाय’ शेजारी आले म्हणून बिचकू नका. बहिणाबाईंच्या वाक्यात ‘डाउन’ आणि ‘बाय’ असेच शेजारी आलेले आहेत.

दुसऱ्यात ‘मेड’ नंतर ‘टू’ घाला: ‘द बॉइज वेअर मेड टू रिपीट द लेसन’. ॲक्टिव्हमध्ये न दिसणारा हा ‘टू’ पॅसिव्हमध्ये परत येतो. ‘सी’ आणि ‘हिअर’ यांच्यापुढे साधे क्रियापद असले तरी असेच होते. ‘वुई सॉ हिम एंटर’ चे ‘ही वॉज सीन टू एंटर’.

दोन कर्मे असतील तर कोणतेही पुढे आणता येते. ‘द फार्मर्स वेअर गिव्हन अ लोन’ हे अधिक सहज वाटते. ‘अ लोन वॉज गिव्हन टू द फार्मर्स’ हेही शुद्ध आहे, त्यात ‘टू’ घालायला विसरू नये. पेपरात वाक्याची सुरुवात दिलेली असेल तर प्रश्न उरतच नाही. येथे ‘बाय द बँक’ ठेवा, कारण बँक हा मोघम कर्ता नाही.

शेवटचे वाक्य ‘बाय हूम वॉज द पंप रिपेअर्ड?’ असे होईल. बोलण्यात ‘हू वॉज द पंप रिपेअर्ड बाय?’ असेही ऐकू येते आणि ते चुकीचे नाही. परंतु आपल्याकडील परीक्षांच्या उत्तरांत ‘बाय हूम’ नेच सुरुवात अपेक्षित असते, म्हणून तेच लिहा.