मुलगा बर्कलीत, वादग्रस्त वक्ता, निदर्शनं – जाऊ द्यावं का?

ठाण्याची_आई:
मुलगा अमेरिकेत बर्कली विद्यापीठात एमएस करतोय, एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर. काल फोनवर म्हणाला, पुढच्या आठवड्यात एक वादग्रस्त वक्ता येतोय, निषेधाला जाणार. माझी झोप उडालीय. असल्या माणसाला विद्यापीठ बोलावतंच कशाला?

सोडाहॉलवाला:
ताई, बोलावतो विद्यार्थ्यांचा एखादा गट. विद्यापीठ सरकारी, त्यामुळे नुसती मतं पटत नाहीत म्हणून सभागृह नाकारता येत नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेची पहिली दुरुस्ती, म्हणजे बोलण्याच्या स्वातंत्र्याची हमी, आडवी येते.

१ फेब्रुवारी २०१७ला मी तिथे होतो. मायलो यानोपोलस हा उजव्या विचारांचा वादग्रस्त वक्ता येणार होता. लॅबमधून स्प्राउल प्लाझात, म्हणजे कॅम्पसवरच्या चौकात उतरलो तर हजारभर पोरं, फलक, घोषणा. एक टोळकं चक्क स्पीकर लावून नाचत होतं. मग काळ्या कपड्यातली, तोंडं झाकलेली दीडएकशे माणसं घुसली. दिव्याचा जनरेटर पेटला, काचा फुटल्या, भाषण रद्द. विद्यापीठाचं साधारण १ लाख डॉलरचं नुकसान. जळक्या प्लास्टिकचा वास माझ्या जॅकेटमधून चार धुण्यांनंतर गेला.

टीव्हीवर फक्त आग दिसली. माझ्या रूममेटने रात्री दोनपर्यंत जागून मायलोला विचारायला चार प्रश्न काढले होते. कागद खिशातच राहिला. माझा राग अजून त्याच गोष्टीचा आहे.

त्याच वर्षी सप्टेंबरात बेन शापिरो हा उजव्या विचारांचा भाष्यकार आला तेव्हा बंदोबस्तावर ६ लाख डॉलरच्या आसपास खर्च झाला. भाषण मात्र पार पडलं.

कट्ट्यावरचा_काका:
शिकायला पाठवलंय ना? मग शिकावं गपगुमान.

सोडाहॉलवाला:
काका, १९६४ साली त्याच चौकातल्या स्प्राउल हॉल इमारतीतून ८००च्या आसपास जणांना अटक झाली होती, कॅम्पसवर राजकारण बोलायचा हक्क मागितला म्हणून. तिथे हेही शिकणंच.

पण ताई, व्हिसाची काळजी खोटी नाही. आमच्या वेळी एवढं नव्हतं. २०२५मध्ये पॅलेस्टाइनच्या बाजूने बोलणाऱ्या-लिहिणाऱ्या काही परदेशी विद्यार्थ्यांचे व्हिसा रद्द झाले. आधी परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात जाऊन विचारू दे. गेलाच, तर तोंडं झाकलेली माणसं दिसली की सरळ घरी. मोबाइलवर शूटिंग करत थांबायचं नाही. मी थांबलो होतो, मूर्खासारखा.

ठाण्याची_आई:
धागा त्याला पाठवला. कार्यालयात जातो म्हणाला. आणि विचारतोय, रूममेटचे ते चार प्रश्न कोणते होते?